सात नंबरच्या ओळी

दीक्षा नावाची एक मुलगी माझ्यावर प्रकरण लिहिते आहे. पीएच.डी.च्या प्रबंधातलं. या वयात दुसऱ्या कुठल्या प्रकरणाची आशा नाही, आणि असती तरी अंगात तेवढं त्राण नाही. प्रकरणाचं नाव आहे 'वामन डाखोळे : काव्यविचार आणि काव्यव्यवहार'. पहिल्या दिवशी आमच्या मनीषनगरच्या फ्लॅटमध्ये सोफ्याच्या अगदी कडेला बसून तिने ते वाचून दाखवलं, तेव्हा मी म्हटलं, "बाई, विचार होता. व्यवहारही होता. दोघांची गाठ कधी पडली नाही. एवढं लिही आणि मोकळी हो."

तिने ते लिहून घेतलं. हल्लीची मुलं काहीही लिहून घेतात.

विचार तो असा. ऐन तारुण्यात माझा एकुलता एक कवितासंग्रह निघाला. त्याचं नाव सांगत नाही, मला आता त्याची लाज वाटते. कविता बेताच्या होत्या, पण प्रस्तावना चांगली लांबलचक होती, आणि लोकांनी कविता सोडून तीच वाचली. मी तेव्हा नुकताच इंग्रजी घेऊन एम.ए. झालो होतो. जुन्या काळच्या परदेशी स्वच्छंदतावादी कवींनी मला पुरतं झपाटलं होतं, आणि त्यांच्याच पंगतीतलं उचलून मी विदर्भाच्या ताटात वाढलं. आधी भावना यावी, माणसाला मुळापासून हलवून जावी. मग ती निवावी. आणि सगळं शांत झाल्यावर, नुसतं आठवताना, ती पुन्हा भरून यावी. तेव्हा जे शब्द येतील ते घरातले असावेत, आई चुलीपाशी बोलते तसले. त्यांना दागिने घालू नयेत. आणि हे कुणाच्या सांगण्यावरून तर कधीच होऊ नये. सांगून केलेली कविता म्हणजे भाड्याने आणलेलं रडणं, असं एक वाक्य त्या प्रस्तावनेत आहे. पुढे ते एका परीक्षेत 'स्पष्ट करा' म्हणून आलं होतं. पोरांनी काय स्पष्ट केलं असेल देव जाणे.

आणि व्यवहार असा, की त्यानंतर निवृत्त होईपर्यंत मी रामदासपेठेत एका जाहिरात एजन्सीच्या काउंटरवर बसून सांगून केलेल्या कविताच केल्या. वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर गेलेल्या माणसाचा फोटो असतो. वर 'प्रथम पुण्यस्मरण', खाली चार ओळी, त्याखाली 'शोकाकुल', आणि मग सगळ्या खानदानाची नावं, पाळण्यातल्या नातवासकट. त्या मधल्या चार ओळी माझ्या. प्राध्यापकाची नोकरी काही लागली नाही, लग्न होऊन बसलं होतं, आणि भावना निवेपर्यंत पोट थांबत नाही.

आमच्या काउंटरच्या आजूबाजूला सगळी हॉस्पिटलं. पुण्यस्मरणवाले वर्षाने सावरून येत, पण निधनवार्तावाले थेट तिथूनच येत, हातात औषधांची पिशवी तशीच. चार वाजेपर्यंत मजकूर गेला तर उद्याच्या अंकात, नाहीतर परवा. समोरचा माणूस मुका झालेला. त्याला मी काय सांगणार, की जा बाबा, जरा निवून ये?

म्हणून मी एक फाइल केली. आईसाठी एक, दोन, तीन. बापासाठी चार आणि पाच. अकाली गेलेल्या लेकरासाठी सहा. तो सहा नंबर काढताना माझा हात कधी सरावला नाही. आणि सात नंबर कुणालाही चाले. तो असा:

तू नाहीस घरी, तरी दारी तुझीच चाहूल
उंबऱ्यावर वाळले नाही अजून ओले पाऊल
दिवा लावूनी बसले घर हे, उघडे ठेवून दार
तुझ्यावाचुनी सांग, घराला कुणाचा आधार?

यात बाई-पुरुष नाही, वय नाही, नातं नाही. तयार सदऱ्यासारखा तो कुणालाही बसे. आजोबांना बसे, सुनेला बसे. एकदा एका तालमीच्या वस्तादाला बसला.

गंमत अशी की सात नंबर मी कुठल्याच मेलेल्या माणसासाठी केला नव्हता. तो माझ्या बायकोचा होता. लग्नाच्या पहिल्याच वर्षी प्रेमिला भावाच्या लग्नाला उमरेडला माहेरी गेली आणि परत यायचं नाव घेईना. मी महालात भाड्याच्या खोलीत एकटा भात करपवत होतो. एका संध्याकाळी या ओळी आल्या, कुणी न मागता, अगदी प्रस्तावनेत म्हटल्यासारख्या. आता दिवा म्हणाल तर तिथे एक पिवळा बल्ब होता, आणि दार उघडं होतं ते धूर जावा म्हणून. पण आल्या. ती परतल्यावर मी तिला त्या वाचून दाखवल्या. तिने सगळं ऐकून घेतलं, पदराने हसू दाबलं आणि म्हणाली, "छान हाये जी. पन दार उघडं कायले ठेवलं? म्हणूनच मांजर दूध पिऊन गेली ना."

मी दोन दिवस तिच्याशी बोललो नाही.

पुढे एकदा, चार वाजायला आले असताना, काउंटरवर एक मास्तर आला. त्याची बायको गेली होती. त्याला बोलता येईना. नुसता रुमालाने माझ्या काउंटरची काच पुसत उभा राहिला. फाइल तेव्हा नवी होती आणि तिच्यात बायकोसाठी काहीच नव्हतं. त्याच्याकडे पाहवेना, म्हणून मी माझ्या बायकोच्या ओळी त्याच्या बायकोला देऊन टाकल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी प्रेमिलाने पेपर उघडला आणि स्वयंपाकघरातून ओरडली, "अजी, इकडे या! मी तर मेली!"

मला वाटलं, आता रडारड होणार. जाऊन पाहतो तर ती हसत होती. मग हसणं थांबवून तिने फोटोतल्या त्या अनोळखी बाईकडे बराच वेळ पाहिलं. "बाई चांगली दिसते," म्हणाली. "जाऊ द्या. तिले पायजे होत्या."

त्या दिवसापासून तो तिचा खेळच झाला. सकाळी चहाचं आधण ठेवलं की ती आधी आतलं पान उघडायची आणि आपल्या ओळी शोधायची. "आज मी काटोलले गेली. सरपंचाच्या मायच्या फोटोखाली." "आज मी भंडाऱ्याले हाये." कधी म्हणायची, "आज दोन जागी हाये, पाहा, किती दगदग!" सात नंबर कुठेच सापडला नाही तर पेपर घडी करून ठेवायची आणि चहा गाळता गाळता म्हणायची, "आज कुठीच नाही गेली. घरीच हाये." मला या खेळाचा फार राग यायचा. तोंड धुऊन पाटावर बसावं आणि समोर रोज आपल्या काव्याचा असा पंचनामा. ती मात्र माझ्या रागाला भीक घालायची नाही.

ती गेल्या वर्षी गेली. फार दिवस अंथरुणाला खिळली नाही, रामदासपेठेतल्याच हॉस्पिटलात गेली, आमच्या जुन्या काउंटरपासून हाकेच्या अंतरावर. निधनवार्ता रोहितने, आमच्या मुलाने, परस्पर देऊन टाकली. नाव आणि अंत्ययात्रेची वेळ, बस. ओळी नव्हत्या. त्या वेळी मला कुणी विचारलं नाही आणि विचारलं असतं तरी मी सांगू शकलो नसतो.

काउंटर मी निवृत्त होताना रोशनकडे दिला होता. रोशन म्हणजे दोन पोरींचा बाप, चांगला समंजस माणूस. जाण्याआधी महिनाभर त्याला शेजारी बसवून सगळं शिकवलं. आलेल्या माणसाला आधी पाणी द्यायचं. घाई करायची नाही. नावांचा क्रम दोनदा वाचून दाखवायचा, कारण ओळी चुकल्या तर चालतं, पण थोरल्या जावेचं नाव धाकटीच्या खाली गेलं तर घरं फुटतात. आणि मुख्य म्हणजे, कुणी स्वतःच्या ओळी घेऊन आला तर त्याच्याशी वाद घालायचा नाही. पुतण्याने केलेल्या असतात, मामाने केलेल्या असतात. धड चाल नसते, आणि छापलं तर चारचौघांत हसं होईल असं काहीतरी असतं. "अशा वेळी 'हो जी, सुंदर आहे' म्हणायचं," मी त्याला सांगितलं होतं, "कागद ठेवून घ्यायचा, आणि त्यातल्या त्यात जवळचा नंबर टाकायचा. दुःखात माणसाला आपण काय दिलं होतं ते आठवत नाही. छापलेलं वाचून त्याला वाटतं, आपण हेच लिहिलं होतं." माझ्या अख्ख्या नोकरीत यावर एकाही माणसाची तक्रार आली नाही.

तर आता प्रेमिलाचं प्रथम पुण्यस्मरण आलं. रोहित मिहानमधल्या एका कंपनीत आहे. सकाळी बुटाची नाडी बांधता बांधता तो घरातले सगळे निर्णय घेतो.

"बाबा, आईची तिथी पुढच्या आठवड्यात येऊन राहिली. ॲड बुक करून टाकतो. फोटो तो लाल साडीतला. आणि ओळी सात नंबर टाकू ना?"

"नाही."

"काहून?"

"त्या वापरलेल्या आहेत."

रोहित नाडी सोडून माझ्याकडे पाहत राहिला. "बाबा, आईच्याच तर आहेत त्या."

"होत्या. आता अर्ध्या विदर्भाच्या आहेत. तिच्यासाठी मी नवीन करतो."

"ठीक आहे," तो म्हणाला. "पण लक्षात ठेवा, चार वाजेच्या आत द्यावं लागते." हे तो मला सांगत होता.

मला तिच्यासाठी चार ओळी करायच्या होत्या. फक्त तिच्या, दुसऱ्या कुणाला न बसणाऱ्या. जन्मभर परक्यांच्या माणसांसाठी केल्या. आता हे एक माणूस माझं होतं. आणि या खेपेला कुणी मुकं होऊन काच पुसत समोर उभं नव्हतं. वर्ष झालं होतं. माझ्याच प्रस्तावनेच्या हिशेबाने निवायला पुरेसा वेळ मिळाला होता. हेही जमलं नाही तर मी कधी कवी होतो, या म्हणण्याला काही अर्थ उरत नव्हता, आणि दीक्षाने ते प्रकरण खुशाल फाडून टाकायला हरकत नव्हती.

सकाळी रोहित आणि सून कामावर गेली की मी गॅलरीत खुर्ची टाकून बसू लागलो. खाली भाजीवाल्याचा भोंगा, समोरच्या बिल्डिंगचं कधीच न संपणारं बांधकाम, गुडघे दुखत. एक ओळ लिहायची, वाचायची, खोडायची. 'तुझ्या आठवणींचा दरवळ' म्हणजे दोन नंबर. 'क्रूर काळाने हिरावून नेले' म्हणजे पाच. 'कष्टाने उभारलेस घरटे' हाही दोनच, शेवटचा भाग. जे सुचे ते फाइलमधलं निघे. इतकी माणसं पोचवली होती मी, की बायकोला पोचवायला शब्द उरले नव्हते. बरं, भावना भरून यावी म्हणून डोळे मिटून तिला आठवायला जावं, तर झोप लागे. उठल्यावर मान दुखे. तेव्हा मला कळलं की माझं काही निवलंबिवलं नव्हतं, मी नुसता थकलो होतो. शांत माणूस आणि थकलेला माणूस लांबून सारखेच दिसतात, दोघंही गप्प बसून असतात. हा फरक प्रस्तावनेत लिहायचा राहून गेला होता.

अशातच दीक्षा पुन्हा आली. ती इंदोरा वस्तीतली, बोलायला नीटस आणि चिकट. एक शंका आली की ती निरसून घेतल्याशिवाय उठत नाही.

"सर, रागावणार नसाल तर विचारते. प्रस्तावनेत तुम्ही म्हणता, कविता घरातल्या भाषेत असावी. पण तुमच्या संग्रहात घरातलं कुणी बोलतच नाही."

"म्हणजे?"

"म्हणजे सगळे फार छान बोलतात. तुमच्या घरी असं बोलायचे का?"

"आमच्या घरी?" मी म्हटलं. "आमच्या घरी 'काहून बसून राहिले, नळ आला ना, पाणी भरा' असं बोलायचे."

"मग ते का नाही आलं, सर?"

मी विचारलं, चहा घेणार का. तिने माझ्या हातातल्या खाडाखोडीकडे पाहिलं, तेव्हा मी तिला पुण्यस्मरणाचं सांगितलं. ती मग म्हणाली, "आमच्या आबांच्या पुण्यानुमोदनाच्या, म्हणजे तुमच्या पुण्यस्मरणासारख्याच, जाहिरातीत फार सुंदर ओळी होत्या. आजीने ते कात्रण बुद्धवंदनेच्या पुस्तकात ठेवलंय, अजून आहे." आणि तिने मला माझा सात नंबर म्हणून दाखवला. सगळा पाठ. उंबऱ्याच्या ओळीपाशी तिचा आवाज जरा हलला.

"त्या माझ्या आहेत," मी म्हटलं.

तिचा आधी विश्वास बसेना. मग बसला. मग तिने पेन काढलं. "सर, मग हे मी विचारात घेऊ की व्यवहारात?"

"कशातच घेऊ नकोस," मी म्हटलं. "त्या आमच्या घरच्या आहेत." आणि हे मी का म्हटलं ते माझं मलाच कळेना, कारण चार दिवसांपूर्वी मीच त्यांना वापरलेल्या म्हटलं होतं.

मजकूर द्यायचा दिवस उजाडला. रोहित कामावर गेला. सून कामिनी जाता जाता म्हणाली, "बाबा, दूध गॅसवर ठेवलंय, तेवढं पाहाल ना?" हे ती रोज म्हणते, कारण रोज माझ्याकडून दूध उतू जातं. प्रेमिला असताना मी असाच पेपर घेऊन बसलेला असायचो आणि ती जिथे असेल तिथून, न्हाणीघरातून, शेजारणीच्या दारातून, ओरडायची, "अजी, दूध! डोळे कवितेत गेले काय?" तिला वास कसा यायचा कोण जाणे. मी धावायचो आणि दूध वाचायचं.

त्या दिवशी मी गॅलरीत 'घर'ला यमक शोधत होतो. करपल्याचा वास आला तेव्हा अर्धं पातेलं ओट्यावर आलेलं. घाईने हातानेच उचललं, बोटं पोळली. गॅस बंद केला, फडकं घेतलं, आणि ओटा पुसता पुसता मी तिच्याशी बोलायला लागलो. मोठ्याने. तिच्याच बोलीत, जी मी कॉलेजात गेल्यापासून तोंडातून घालवली होती. बोलता बोलता थांबलो, पोळलेल्या हाताने पेपरच्या पुरवणीचा कोरा कोपरा फाडला आणि जे बोललो होतो तेच त्यावर लिहिलं:

दूध रोजच उतू जाते, प्रेमिला.
तू असती त वरडली असती.
आता कोनी वरडत नाही,
मीच गॅसपाशी उभा राह्यतो.

यमक नाही, चाल नाही, दिवा नाही. निवलेलं तर काहीच नव्हतं, बोटं चुरचुरत होती. शेवटची ओळ खोटी होती, गॅसपाशी कुठे उभा होतो मी? पण तेवढी खोटी चालेल असं वाटलं. कुठल्याच नंबरात हे नव्हतं. वस्तादाला हे बसलं नसतं, सरपंचाच्या मायलाही नाही. मला फार बरं वाटलं. वर्षभरात पहिल्यांदा भूक लागली, आणि मी उरलेल्या दुधात पोळी कुस्करून ओट्यापाशी उभ्यानेच खाल्ली.

दुपारी ऑटो करून रामदासपेठेत गेलो. दाढी करायची राहिली होती, सदऱ्यावर दुधाचा डाग होता, पण तीन वाजून गेले होते. काउंटरची काच तीच. पलीकडून रोशन उठून उभा राहिला.

"अरे सर! या, या. बसा. आधी पानी घ्या."

पाणी चांगलं गार होतं. मी कागद पुढे केला. रोशनने तो वाचला. पुन्हा वाचला. मग माझ्या बोटांकडे पाहिलं, सदऱ्याकडे पाहिलं, आणि हळूच म्हणाला, "हो जी सर. सुंदर आहे."

"एक अक्षर बदलू नको."

"नाही जी. कागद राहू द्या इथंच. फोटो रोहितभाऊनं पाठवला हाये. नावं वाचून दाखवू?"

त्याने नावं दोनदा वाचून दाखवली. क्रम बरोबर होता. मनात म्हटलं, पोरगा चांगला तयार केला आपण. परतताना ऑटोत मला गाढ डुलकी लागली. ऑटोवाल्याने मनीषनगरच्या पुलाशी हाका मारून उठवलं.

सकाळी पेपर आला तेव्हा मी तोंड धूत होतो. बाहेरून रोहितचा आवाज आला, "बाबा, बरं झालं बुवा, शेवटी सात नंबरच दिला तुम्ही! मस्त दिसून राहिलं."

मी ओल्या तोंडाने बाहेर आलो. लाल साडीतली प्रेमिला, वर प्रथम पुण्यस्मरण, खाली तू नाहीस घरी, तरी दारी तुझीच चाहूल. शोकाकुल वामनराव, रोहित, कामिनी आणि समस्त डाखोळे परिवार.

माझं डोकंच फिरलं. रोशनला फोन लावला. त्याने पहिल्या रिंगला उचलला.

"रोशन, काय केलं हे?"

"काय झालं सर? नाव चुकलं काय?"

"माझ्या ओळी कुठे आहेत?"

"सर, गुस्सा नका करू. तुमचा चेहरा पाहून मले वाटलं, तुमची तब्येत बरी नाही. लोकं काय म्हनले असते, डाखोळे सरांनी मॅडमच्या फोटोखाली दुधाचं लिवलं? हसले असते जी. मले ते पाहवलं नसतं." मग अगदी बारीक आवाजात म्हणाला, "आन् तुमीच त शिकवलं होतं ना सर."

"ही पहिली तक्रार आहे," मी म्हटलं.

"हो जी, पहिलीच. उद्या बदलून टाकू काय?"

"उद्या कशाला? तिथी आज आहे." मी फोन ठेवला. ठेवतो न ठेवतो तोच वाजला. उमरेडहून यमुताई, प्रेमिलाची थोरली बहीण. ती रडत होती.

"भाऊजी, किती मनातलं लिवलं जी! माझ्या बहिणीचं नशीब थोर. आत्ताच लिवलं काय?"

प्रेमिला उमरेडला जाऊन बसली होती तेव्हाचं आहे ते, तुमच्याच घरी, हे ओठांवर आलं होतं. पण ती इतकी रडत होती. "हो," मी म्हटलं. "आत्ताच."

मग बराच वेळ फोन येत राहिले. रोहितला रजा नव्हती, तो फोटोला हार घालून गेला. कामिनीने सुट्टी घेतली होती, ती आत पुरणाला लागली. मी पेपर घेऊन गॅलरीत बसलो. राग उतरला नव्हता, पण रागालाही जोर लागतो आणि तो माझ्यात नव्हता. दुधाच्या ओळी मला पाठ होत्या, पण तो कागद आता रोशनच्या केराच्या टोपलीत गेला असणार. जाऊ द्या. मी पुढ्यातल्या ओळी वाचायला घेतल्या, एक-एक शब्द बोटाने धरत, काउंटरवर माझ्यासमोर लोक वाचत तशा.

त्या केल्या तेव्हा ती जिवंत होती, उमरेडला भावाच्या वरातीत मिरवत होती. तिला आठ दिवस उशीर झाला म्हणून मी तेव्हा घराचा आधार गेल्याचं रडगाणं गायलं होतं. तेव्हा त्यातलं काहीही खरं नव्हतं. आता सगळं खरं होतं. चाहूल खरी होती, उघडं दार खरं होतं. मी एक शब्द बदलला नव्हता, नुसता मागे उरलो होतो. उंबऱ्याच्या ओळीवर माझं बोट थांबलं, आणि मी रडलो. चांगला हुंदके देऊन रडलो. ती गेली तेव्हा असा रडलो नव्हतो. कामिनी आली, शेजारी चहा ठेवला आणि आत गेली.

डोळे पुसून मी सवयीने पूर्ण पान पाहिलं. रामटेकचे एक गुरुजी होते, त्यांना चार नंबर. हिंगण्याच्या एका आजीबाईंना दोन. सात नंबर दुसरीकडे कुठेच नव्हता. आजच्या दिवशी तो या एकाच फोटोखाली होता, लाल साडीच्या खाली. ती माझ्याकडे पाहून हसू दाबत होती, मांजराच्या वेळी दाबलं होतं तसंच. मी पेपरची घडी केली नाही.

"आज कुठीच नाही गेली तू," मी तिला म्हटलं. "घरीच हाये."